अभंगाच्या कव्हरात निघाली शॅडोजची पहिली ईपी (की पहिली नाहीच?)

पेठेतला_पोपट

मंडळी, परवा दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा माळ्यावरून नानाकाकांची रेकॉर्डची पेटी खाली आणली. काका आता सुरतेला मुलाकडे असतात, पेटी आमच्याकडेच राहिलीये. आईला जुने अभंग ऐकायचे होते म्हणून तिने स्वतः शोधून एक छोटी रेकॉर्ड काढली, कव्हरावर विठोबा, सगळं रीतसर. एचएमव्हीचा लाल फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर अजून चालतो आमचा (पट्टा मी गेल्या वर्षीच बदलला), ४५ वर टाकली, आई हात जोडून बसली आणि आतून निघाली गिटारं. टणटण टणटण, मागून ड्रम, घोडे पळतायत असं वाटावं असं काहीतरी. आई म्हणाली, "अरे स्पीड चुकला असेल." मी वेड्यासारखा ३३ वर टाकून बघितली, मग तर विठोबाच रुसला.

लेबल बघितलं तर कोलंबिया, हिरवट रंगाचं, नाव द शॅडोज, म्हणजे इंग्लंडचा एक गिटारवाला बँड. एका बाजूला मस्टँग आणि थीम फ्रॉम शेन, दुसऱ्या बाजूला शॉटगन आणि थीम फ्रॉम जायंट. नंबर एसईजी ८०६१. गाणारं कोणीच नाही, चारही नुसती वाजवलेली.

नेटवर थोडं वाचलं तर ही त्यांची पहिली ईपी आहे, जानेवारी १९६१ ची. तर प्रश्न असे: (१) ही खरंच त्यांची पहिली रेकॉर्ड का? (२) शॅडोज म्हटलं की सगळे त्यांच्या अपाचे या गाजलेल्या तुकड्याचंच नाव घेतात, तो यावर का नाही? (३) आईचा प्रश्न: अभंगाची रेकॉर्ड कुठे गेली?

सातारी_कंदी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ३३ वर विठोबा रुसला 😂

बाकी माझा बाळबोध प्रश्न, ईपी म्हणजे नक्की काय? आमच्या पिढीने डायरेक्ट कॅसेट बघितल्यात.

आण्णा_४४

कंदी, सात इंची तबकडी, मिनिटाला ४५ फेरे. सिंगल असली की दर बाजूला एक गाणं, ईपी असली की दोन, म्हणजे एकूण चार. मोठी एलपी बारा इंची, ती परवडायची नाही, म्हणून मधल्या लोकांसाठी ही मधली सोय. आपल्याकडे भावगीतं, लावण्या, भक्तिगीतं अशाच चार चारच्या ईपीत घरोघरी आली. विलायतेतही तेच, कॉलेजच्या पोरांना एलपी घेता यायची नाही, ईपी घ्यायची.

पोपटराव, लेबलच्या कडेला बारीक अक्षरात बघा, मेड इन इंडिया आहे का. ग्रामोफोन कंपनीचा दमदमचा कारखाना एचएमव्हीबरोबर कोलंबियाचेही ठसे काढायचा, दोन्ही इएमआय या विलायती कंपनीचीच पोरं.

पेठेतला_पोपट

हो आण्णा!! दमदमच आहे. भिंगाने वाचलं.

खडूस_काका

धागाकर्त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पहिली ईपी आहे, पहिली रेकॉर्ड नाही. लोक या दोन गोष्टींचा काला करतात म्हणून नीट लिहितो.

ही चार पोरं मुळात क्लिफ रिचर्ड या गायकाच्या मागे वाजवणारी. क्लिफ म्हणजे आपल्या लखनौत १९४० साली जन्मलेला हॅरी वेब, वडील रेल्वेच्या खानपानाच्या धंद्यात, १९४८ ला कुटुंब इंग्लंडला गेलं. त्याच्या साथीदारांचं नाव होतं ड्रिफ्टर्स. ड्रिफ्टर्स म्हणून त्यांची स्वतःची पहिली सिंगल १९५९ च्या सुरुवातीला आली, फीलिन फाईन, आणि गंमत म्हणजे त्यात ते चक्क गातायत. कोणी विचारलं नाही तिला. दुसरी त्याच वर्षी, एका बाजूला ड्रिफ्टिन आणि दुसऱ्या बाजूला जेट ब्लॅक, या दोन्ही मात्र नुसत्या वाजवलेल्या. म्हणजे बिनगाण्याची पहिली स्वतंत्र तबकडी म्हणायची तर ती ही.

मग अमेरिकेतून नोटिशीची धमकी आली, कारण तिकडे ड्रिफ्टर्स नावाचा गाणाऱ्यांचा नावाजलेला ग्रुप आधीच होता. जेट ब्लॅक तिकडे फोर जेट्स अशा तात्पुरत्या नावाने काढावी लागली. नवीन नाव हवं म्हणून १९५९ च्या जुलैत बेसवाला जेट हॅरिस आणि गिटारवाला हँक मार्विन स्कूटरवरून रायस्लिपच्या सिक्स बेल्स नावाच्या पबमध्ये जाऊन बसले आणि जेटने सुचवलं शॅडोज. सदानकदा दुसऱ्याच्या मागे उभं राहणाऱ्यांना याहून बरं नाव कुठलं. (अमेरिकेत बॉबी व्ही नावाच्या पोराच्या बँडचंही नाव शॅडोजच होतं, हे यांना माहीतच नव्हतं. नशीब तेव्हा कोणी नोटीस नाही पाठवली.)

शॅडोज नावाने पहिली सिंगल डिसेंबर १९५९, सॅटरडे डान्स. परत गायले. परत आपटली. त्यानंतर १९६० च्या जुलैत अपाचे. आणि मग जानेवारी १९६१ ला पोपटाच्या हातात आहे ती.

तर "पहिली" कुठली हे तुम्ही काय मोजता त्यावर आहे.

गिटारधोंड्या

काका नेहमीप्रमाणे पहिल्या बॉलला फ्रंटफूटवर 😄 पण एक राहिलं. सिंगलच्या आधी क्लिफच्या पहिल्या एलपीत जेट ब्लॅक आणि ड्रिफ्टिन आहेत की, स्टुडिओत माणसं बोलावून त्यांच्यासमोर लाईव्ह रेकॉर्ड केलेली. आणि क्लिफच्या सीरियस चार्ज सिनेमाच्या ईपीवर चिंचिला म्हणून यांचा एक तुकडा आहे, तोही १९५९ चाच. म्हणजे ईपीवर वाजवण्याची त्यांची पहिली वेळ ती, फक्त कव्हर दुसऱ्याच्या नावाचं.

खडूस_काका

दुसऱ्याच्या कव्हरात राहायची सवय जुनीच म्हणायची मग. पोपटाच्या घरीसुद्धा विठोबाच्या कव्हरात सापडले. चिंचिलाबद्दल मान्य, विसरलो होतो.

टाइनकाठची_मेधा

अरे वा, आमच्या गावच्या पोरांवर धागा! मी अकरा वर्षं न्यूकासलला आहे. हँक इथलाच, खरं नाव ब्रायन रँकिन, आणि ऱ्हिदम वाजवणारा ब्रूस वेल्च दक्षिणेत बॉग्नर रीजिसला जन्मलेला पण लहानपणीच इकडे आलेला. दोघं रदरफोर्ड ग्रामर स्कूलमध्ये भेटले. ही जागा म्हणजे कोळशाच्या खाणी, जहाजं बांधायचे कारखाने, नदीवरून येणारी धुराची थंडगार हवा. हँक आधी बँजो वाजवायचा.

१९५८ च्या एप्रिलमध्ये सोळा वर्षांची ही दोन पोरं कुठल्याशा टॅलेंट स्पर्धेसाठी लंडनला गेली आणि परत आलीच नाहीत. सोहो भागात ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर टू आयज नावाचं कॉफीचं दुकान होतं, तळघरात बारकंसं स्टेज, तिथे वाजवायची. क्लिफचा मॅनेजर जॉन फॉस्टर तिथे आला होता टोनी शेरिडनला शोधायला, टूरसाठी गिटारवाला हवा होता. शेरिडन काही त्या वेळी सापडला नाही. हँक सापडला. आणि हँक म्हणाला येतो, पण माझा मित्रही येणार.

दोन पोरं एकाच चाळीतली असावीत आणि एकाला नोकरी लागताना त्याने दुसऱ्याला पण चिकटवावं तसं झालं. ब्रूस म्हणून बँडात आला, नाहीतर कोण विचारत होतं ऱ्हिदमवाल्याला.

सातारी_कंदी

आणि तो शेरिडन? त्याचं काय झालं? बिचारा चहा प्यायला गेला आणि आयुष्य गेलं...

टाइनकाठची_मेधा

नाही गं/रे (आयडीवरून कळत नाही 🙂), तो हँबर्गला गेला आणि १९६१ मध्ये त्याच्या मागे वाजवणारी पोरं होती बीटल्स! त्याच रेकॉर्डिंगच्या वेळी बीटल्सनी स्वतःचा एक बिनगाण्याचा तुकडा वाजवला, क्राय फॉर अ शॅडो. हॅरिसन आणि लेननच्या नावावर आहे, नाव वाचूनच कळतं कोणाची नक्कल करत होते.

सातारी_कंदी

"रे" आहे मेधाताई. धन्यवाद, रात्रभर शेरिडनची काळजी लागली असती.

पेठेतला_पोपट

भारी माहिती येतेय. पण दुसरा प्रश्न तसाच राहिला. अपाचे एवढा गाजला तर पहिल्या ईपीवर तो का नाही? मी जर कंपनीवाला असतो तर पहिला तोच टाकला असता.

आण्णा_४४

तेव्हाची रीत वेगळी होती पोपट. सिंगल घेतलेल्या गिऱ्हाईकाला तेच गाणं परत विकायचं म्हणजे त्याला फसवल्यासारखं, अशी तिकडे बऱ्यापैकी भावना होती. ईपी म्हणजे नवा माल.

खडूस_काका

आण्णा, आदर ठेवून अर्धसहमत. कंपन्या एवढ्या साधूसंत नव्हत्या. त्याच १९६१ मध्ये यांची दुसरी ईपी आली, शॅडोज टू द फोर, त्यावर काय आहे बघा: अपाचे, मॅन ऑफ मिस्टरी, द स्ट्रेंजर आणि एफबीआय. म्हणजे सिंगलवर विकून झालेलाच माल चारच्या पाकिटात बांधून परत विकला, आणि धो धो खपला. पहिल्या ईपीवेळी त्यांच्याकडे चार हिट नव्हतेच हो. अपाचे होता, आणि नोव्हेंबर १९६० चा मॅन ऑफ मिस्टरी. त्यात भरायला नवीन काहीतरी वाजवून घ्यावंच लागणार होतं.

आण्णा_४४

शक्य आहे. माझा मुद्दा मागे घेत नाही, पण बाजूला ठेवतो.

गिटारधोंड्या

मला या ईपीबद्दल जरा वेगळंच बोलायचंय. पोपटभाऊ चारही नावं परत वाचा. मस्टँग म्हणजे अमेरिकेतला रानटी घोडा. शॉटगन म्हणजे बंदूक. शेन म्हणजे १९५३ चा काऊबॉय पिक्चर, व्हिक्टर यंगचं संगीत. जायंट म्हणजे १९५६ चा टेक्सासातला, जेम्स डीनचा शेवटचा, संगीत दिमित्री टिओमकिन. आणि ज्याच्या जोरावर ही ईपी निघाली तो अपाचे म्हणजे परत रेड इंडियन. अपाचे लिहिणाऱ्या जेरी लॉर्डनने बर्ट लँकेस्टरचा त्याच नावाचा १९५४ चा सिनेमा बघून ती चाल बांधली होती, आणि मस्टँगही लॉर्डनचीच.

म्हणजे अख्खी ईपी घोड्यावर बसलेली आहे! आणि वाजवणारी कोण, तर दोन न्यूकासलची, दोन लंडनची, घोडा पाहिला असेल तर दूधगाडीचा. ईपी निघाली तेव्हा हँक आणि ब्रूस १९ वर्षांचे, ड्रमवाला टोनी मीहन तर १७, सगळ्यात मोठा जेट तो २१. सिनेमाच्या तिकिटावर जेवढी अमेरिका बघायला मिळाली तेवढीच वाजवली. माझ्या मते अपाचे चालल्यावर कोणीतरी (बहुतेक प्रोड्यूसर नॉरी पॅरामोरने) म्हटलं असणार की पोरांनो लोकांना घोडे आवडतायत, अजून चार घोडे आणा.

आणि सिनेमाच्या चाली गिटारवर वाजवून तबकडी काढायची हा धंदा आपल्याला काय नवीन आहे? आपल्याकडे व्हॅन शिपले हेच करत होता की, हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या चाली इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर, एचएमव्हीच्या तबकड्या. तो पण लखनौचाच जन्मलेला! क्लिफचा गाववाला. लखनौच्या पाण्यात काहीतरी होतं.

खडूस_काका

"म्हटलं असणार" हे तुमचं, पण पटतंय. नावांकडे मी कधी असं बघितलं नव्हतं.

निळू_मडगाव

धोंड्या एकदम बरोबर बोलला. आमच्याकडे मामाचा बँड होता, साठीच्या शेवटी लग्नांना नि फेस्तांना वाजवायचा. मामा सांगतो की गाणारा दमला किंवा जेवायला गेला की लगेच अपाचे, मग एफबीआय, मग वंडरफुल लँड. लोक नाचतायत, कोणाला शब्द समजायची गरज नाही, कोंकणीवाला, मराठीवाला, इंग्रजीवाला सगळे एकाच चालीवर. मस्टँग पण वाजवायचे, पण नाव माहीत नव्हतं, बँडात त्याला "घोडो" म्हणायचे 😄 आता वाचून कळलं की खरंच घोडाच आहे तो!

सातारी_कंदी

घोडो 🤣🤣 धागा वसूल.

गिटारधोंड्या

निळूभाऊ _/\_ . मामांना सांगा नाव बरोबर ठेवलं होतं.

आता वाजवण्याबद्दल. पोपटा, तुझ्या आईला "टणटण" वाटलं ना, तोच सगळा खेळ. हँकच्या हातात फेंडर स्ट्रॅटोकास्टर होती, लाल. इंग्लंडात त्या काळी अमेरिकन माल आणायला युद्धानंतरची बंदी होती, ती १९५९ मध्ये उठायला लागली, म्हणून स्ट्रॅट कोणाकडे नव्हतीच. क्लिफने अमेरिकेतून मागवली. किस्सा असा की यांना माहीत होतं अमेरिकन गायक रिकी नेल्सनच्या मागे वाजवणारा जेम्स बर्टन फेंडर वाजवतो, पण कुठली फेंडर ते माहीत नव्हतं. कॅटलॉग मागवला आणि म्हणाले एवढा मोठा वाजवणारा म्हणजे सगळ्यात महागडीच वाजवत असणार. सोन्याचा मुलामा दिलेल्या खिट्ट्यांची स्ट्रॅट ऑर्डर केली. बर्टन वाजवत होता साधी टेलिकास्टर! चुकीच्या अंदाजाने आलेल्या गिटारीने अख्ख्या देशाचा आवाज बदलला.

त्या गिटारीला एक दांडी असते, दाबली की तारा सैल होऊन सूर खाली जातो, सोडली की वर येतो. हँक प्रत्येक लांब सुराच्या शेवटाला ती नुसती हलकीशी हलवतो. आपल्याकडचं कान असलेला माणूस ऐकतो तेव्हा त्याला ते आंदोलन वाटतं, कधी मींड. शेनच्या थीममध्ये ऐक, चाल संथ आहे, सूर मोजके आहेत, आणि प्रत्येक सुराला जरा जरा डुलवलंय, अगदी गायल्यासारखं. दुसरी गोष्ट म्हणजे इको. इटलीत बनलेलं मेआत्झी कंपनीचं यंत्र, जो ब्राऊन या दुसऱ्या गिटारवाल्याकडून हँककडे आलेलं. त्यात एकापेक्षा जास्त हेड (आवाज परत वाजवणारे भाग) असतात, त्यामुळे एक ठोका दिला की मागून दोन तीन बारके ठोके वेगवेगळ्या अंतराने येतात. म्हणून तो आवाज "टण" नसून "टणणण" असतो, आणि घोडा पळतोय असं वाटतं ते निम्मं त्या यंत्राचं काम. आणि व्हॉक्स कंपनीचे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारी यंत्रं. बास. बाकी सगळं बोटं.

मी हे गेली वीस वर्षं कॉपी करतोय, घरच्यांनी आशा सोडलीये.

आण्णा_४४

धोंड्या सुरेख लिहिलंस. मी काही वाजवणारा नाही पण ऐकणारा आहे. आम्ही रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी ऐकायचो तेव्हा गाण्यातलं निम्मं कळायचं नाही, उच्चार असे की लाजेने कोणाला विचारायचं नाही. अपाचे लागलं की एकदम बरोबरीत आल्यासारखं वाटायचं. लंडनच्या पोराला जेवढं समजत होतं तेवढंच दादरच्या पोराला समजत होतं. वडील मात्र म्हणायचे, "गाणाऱ्याला उशीर झालाय का आज?"

टाइनकाठची_मेधा

आण्णा 😂😂 हे वाक्य मी इथल्या लोकांना सांगणार.

सातारी_कंदी

मी आत्ता ऑफिसात हेडफोन लावून अपाचे ऐकला. सुरुवातीला ढुमढुम आहे ते काय आहे? तबला तर नाही.

खडूस_काका

चायनीज ड्रम, आणि वाजवणारा खुद्द क्लिफ रिचर्ड. गाणाऱ्याला गायला काही नव्हतं म्हणून ढोलकं दिलं हातात.

अपाचेची हकिगत लिहितोच, कारण त्याशिवाय ही ईपी निघालीच नसती. लॉर्डनने ही चाल आधी बर्ट वीडन नावाच्या गिटारवाल्याला दिली होती, त्याने रेकॉर्डही केली, पण लॉर्डनला ती काही पटली नाही आणि कंपनीनेही काढायची घाई केली नाही. मग लॉर्डन एका टूरवर शॅडोजबरोबर होता, तेव्हा त्याने बसमध्ये त्यांना ही चाल युकेलेलेवर वाजवून दाखवली. विचार करा, युकेलेले! खेळण्यातल्या गिटारीएवढं वाद्य. त्यात यांना अख्खा माळरान ऐकू आला. जून १९६० मध्ये लंडनच्या एबी रोड स्टुडिओत वाजवली, जुलैत आली. पॅरामोरला म्हणे दुसरी बाजू, लष्करातल्या एका जुन्या गाण्याची चाल, तीच मुख्य करायची होती. घरी मुलीला दोन्ही ऐकवल्या तर ती म्हणाली अपाचे. ऑगस्टमध्ये तिकडच्या खपाच्या यादीत एक नंबरवर गेली आणि पाच आठवडे हलली नाही.

आणि तिने खाली कोणाला ढकललं? क्लिफच्या प्लीज डोन्ट टीजला. ज्यावर मागे वाजवणारे कोण? हेच. स्वतःचीच खुर्ची स्वतः ओढली.

गिटारधोंड्या

आणि हा प्रकार परत झाला! जेट आणि टोनी दोघं १९६१-६२ मध्ये बँड सोडून गेले, दोघांनी मिळून लॉर्डनचीच डायमंड्स वाजवली आणि १९६३ च्या सुरुवातीला ती एक नंबरला पोचली, कोणाला खाली पाडून? शॅडोजच्या डान्स ऑनला. सोडून गेलेल्या भावांनी घरच्या दुकानासमोर दुकान थाटावं तसं.

झणझणीत_पोहे

नवीन आयडी आहे, पहिलाच प्रतिसाद. शॅडोज वगैरे ठीक आहे पण "आद्य" म्हणायचं तर अमेरिकेतल्या व्हेंचर्सना विसरू नका. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचे दोन बांधकामावरचे कामगार, बॉब बोगल आणि डॉन विल्सन. यांच्या पहिल्या सिंगलला कोणी कंपनी मिळेना म्हणून डॉनच्या आईने, जोसी विल्सनने, स्वतःचं लेबल काढलं, ब्लू होरायझन. मुलाच्या बँडसाठी आईने कंपनी काढली! आणि त्या पहिल्या सिंगलची एक बाजू गाण्याची होती, म्हणजे इथेही तीच चूक 😄 नंतर वॉक डोन्ट रन, १९६०, तिकडे दोन नंबरपर्यंत गेली. मूळ चाल जॅझवाल्या जॉनी स्मिथची, यांनी ती चेट अ‍ॅटकिन्सच्या रेकॉर्डवर ऐकली.

ड्रमवाल्याची गंमत माहितीये का? त्या रेकॉर्डिंगला स्किप मूर नावाचा पोरगा होता, त्याला विचारलं, कमाईतला चौथा हिस्सा घेतोस की २५ डॉलर रोख. तो म्हणाला रोख द्या.

सातारी_कंदी

आई गं 😭 २५ डॉलर!!

खडूस_काका

पोहे, स्वागत. आद्य म्हणाल तर त्याआधी १९५८ मध्येच डुएन एडीची रिबेल राउझर आहे, लिंक रेची रंबल आहे. व्हेंचर्स थोर आहेतच, जपानात तर त्यांनी घराघरात इलेक्ट्रिक गिटारी पोचवल्या. पण शॅडोज अमेरिकेत कधी चाललेच नाहीत हे पण लिहा. तिकडे अपाचे गाजला तो डेन्मार्कच्या यॉर्गन इंगमानने वाजवलेला, दोन नंबरपर्यंत. रेड इंडियनचं गाणं, इंग्रजाने लिहिलं, इंग्रजांनी गाजवलं, अमेरिकेत विकलं डॅनिश माणसाने.

झणझणीत_पोहे

आणि १९७३ ला इन्क्रेडिबल बोंगो बँडने केलेला अपाचे न्यूयॉर्कच्या डीजेंनी उचलला, कूल हर्कपासून सगळ्या हिपहॉपवाल्यांनी त्याचा तो ड्रमचा तुकडा फिरवला. पण ते अवांतर होईल, थांबतो.

टाइनकाठची_मेधा

अवांतर चालू द्या हो, धागा आता कुठे रंगात आलाय. मला मात्र एक वाटतं. सगळे हँकबद्दल लिहितात. मी पोपटने सांगितलेली चारही वाजवणी काल रात्री ओळीने ऐकली, आणि माझं लक्ष ब्रूसकडे जात होतं. तो एक सेकंद पुढे यायचा प्रयत्न करत नाही. जायंटच्या थीममध्ये हँक तिकडे मैदानात मोकळा सुटलाय आणि ब्रूस खाली पाटा टाकत चाललाय, एक ठोका इकडेतिकडे नाही. शाळेतला मित्र चिकटवून आणला म्हणून मी वर हसले, ते मागे घेते.

गिटारधोंड्या

मेधाताई हे कुठल्याही गिटार क्लासमध्ये फ्रेम करून लावायला पाहिजे. सगळ्यांना हँक व्हायचंय. आमच्या ग्रुपात चार हँक आहेत, ब्रूस एकही नाही, म्हणून आम्ही अजून गॅरेजमध्येच.

निळू_मडगाव

मामाला धागा वाचून दाखवला. म्हणाला की त्याच्या बँडात गिटार एकच, इको यंत्र नाहीच, तर तो हॉलच्या मागच्या भिंतीकडे स्पीकर तोंड करून ठेवायचा म्हणजे आवाज आपटून परत यायचा. खरं खोटं मामाला माहीत. पण म्हणाला मंडपात लग्न असलं की घोडो लंगडायचा, कापडावरून आवाज काय परत येणार.

आण्णा_४४

वा! गरज ही शोधाची मामी.

पोपट, रेकॉर्डची अवस्था कशी आहे? सुई बदलली असशील तर ठीक, नाहीतर जुन्या सुईने आधीच खरवडू नकोस. पाण्यात एकच थेंब भांड्याचा साबण, मऊ कापूस, गोल फिरवत, लेबल भिजवायचं नाही. सावलीत उभी वाळवायची.

पेठेतला_पोपट

आण्णा तसंच केलं. पहिली बाजू बऱ्यापैकी स्वच्छ वाजते, फक्त मस्टँगच्या सुरुवातीला एक टक टक आहे, ती आता मला ठेक्यातलीच वाटायला लागलीये. दुसऱ्या बाजूला शॉटगनच्या मध्यावर ओरखडा आहे, तिथे सुई उडी मारून डायरेक्ट पुढच्या घोड्यावर बसते.

आणि मंडळी अपडेट. नानाकाकांना व्हिडिओ कॉल लावला, रेकॉर्ड दाखवली. त्यांनी दहा सेकंद ऐकून पुढची चाल तोंडाने वाजवली, ऐंशीच्या माणसाने, डोळे मिटून, शेवटचा सूर डुलवून वगैरे. मी गारच. मग कळलं की हे अभंगाच्या कव्हरात त्यांनीच ठेवलं होतं. आजोबांना इंग्रजी रेकॉर्ड घरात चालायची नाही. विठोबाच्या कव्हराला आजोबा हात लावायचे नाहीत, उलट नमस्कार करून जायचे.

आई म्हणते, "म्हणजे इतकी वर्षं सासरे गिटारीला नमस्कार करत होते."

खडूस_काका

😂 मी सहसा स्मायली टाकत नाही.

सातारी_कंदी

काकांनी स्मायली टाकला!! स्क्रीनशॉट घेतलाय. पण पोपटराव तिसरा प्रश्न? अभंग कुठेय??

पेठेतला_पोपट

तेच विचारलं. काका आधी म्हणाले आठवत नाही. मग म्हणाले की शॅडोजचं मूळ कव्हर होतं त्यात अभंगाची रेकॉर्ड ठेवली असणार, आणि ते कव्हर चांगलं दिसायचं म्हणून मिरजेच्या एका मित्राने ऐकायला नेलं होतं. कधी? तर "सत्तरच्या आसपास." म्हणजे तो माणूस घरी जाऊन पोरं गोळा करून गिटारं ऐकायला बसला असणार आणि...

नंबर मिळवलाय मित्राच्या मुलाचा. आईने सकाळपासून दोनदा लावला, उचलत नाहीत. संध्याकाळी परत लावते म्हणाली.